शब्बाथची खरकटी : इस्रायलचा ताटल्यांवरचा कर आणि एका स्वयंपाकघराचा हिशेब

१ नोव्हेंबर २०२१ पासून इस्रायलमध्ये प्लास्टिकच्या यूज-अँड-थ्रो ताटल्या, वाट्या, पेले आणि चमचे यांवर किलोमागे ११ शेकेल कर लागला. त्या वेळच्या भावाने हे अडीचशे रुपयांच्या वर जातात. दुकानातली किंमत जवळपास दुप्पट झाली. अर्थमंत्री होते अविग्दोर लिबरमन आणि पर्यावरणमंत्री तामार झांडबर्ग. वर्षभराने निवडणूक झाली, २९ डिसेंबर २०२२ ला बिन्यामिन नेतान्याहूंचं सरकार आलं, आणि नवे अर्थमंत्री बेझालेल स्मोत्रिच यांनी खुर्चीत बसल्या बसल्या जी कामं हातावेगळी केली त्यात हा कर रद्द करणंही होतं. म्हणजे कर टिकला जेमतेम सव्वा वर्ष.

पर्यावरणाच्या वर्तुळात ही गोष्ट 'कट्टर धार्मिकांनी पृथ्वीपेक्षा प्लास्टिकला जपलं' अशी सांगितली जाते. हरेदी, म्हणजे अतिधार्मिक ज्यू समाजात ती 'सेक्युलर सरकारने आमच्या शब्बाथवर, शनिवारच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसावर, कर बसवला' अशी सांगतात. दोन्हींत थोडं थोडं खरं आहे आणि दोन्हींत भांडी घासणारी बाई गायब आहे. माझ्या मते हे प्रकरण तिच्या सिंकपाशी उभं राहूनच समजतं. म्हणून कायदेमंडळातल्या भाषणांवर मी फार वेळ घालवणार नाही.

आधी कराची बाजू, कारण ती भक्कम होती. इस्रायलच्या पर्यावरण मंत्रालयाचा आकडा असा की देशात माणशी वर्षाला साडेसात किलो एकदाच वापरायचं प्लास्टिकचं खानपानसाहित्य खपतं, युरोपीय संघाच्या सुमारे पाचपट. देशातला बहुतेक कचरा, साधारण ऐंशी टक्के, जमिनीत पुरला जातो. तेल अवीव परिसरातल्या कचऱ्याचा डोंगर हिरिया इथे होता. १९९८ मध्ये तो बंद झाला आणि तिथे आता मोठं उद्यान उभं राहतंय. तिथल्या केंद्रात कचरा गोळा होऊन ट्रकने दक्षिणेला, नेगेव वाळवंटाकडे जातो. तिथली एक मोठी कचराभूमी रोतेमच्या पठारावर, दिमोना शहराच्या पलीकडे आहे. दिमोना म्हणजे तेच गाव जिथे अलिबाग-पेण-ठाण्याकडून गेलेल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायली ज्यूंची मोठी वस्ती आहे, जिथे क्रिकेट चालतं आणि शेवपुरी मिळते. मध्य इस्रायलच्या मेजवान्यांची उष्टी ताटं आपल्याच भाषेच्या माणसांच्या गावापलीकडे जाऊन पडतात, असं म्हटलं तरी चालेल.

उपाय म्हणूनही कर नवखा नव्हता. जानेवारी २०१७ पासून मोठ्या सुपरमार्केटांत प्लास्टिकच्या पिशवीला १० आगोरा, म्हणजे शेकेलचा दहावा भाग, द्यावे लागत होते आणि पिशव्यांचा खप झपाट्याने उतरला होता. रस्त्यावर कुणी उतरलं नव्हतं. मंत्रालयाला वाटलं, पिशवीचं जमलं तसं ताटलीचं जमेल.

इथेच चूक झाली. पिशवीला पर्याय घरात खुंटीला टांगलेला असतो. ताटलीला पर्याय म्हणजे कुणाचे तरी दोन हात.

शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार रात्र

मराठी वाचकाला शब्बाथ अगदीच परका नाही. कोकणात बेने इस्रायलींना शनिवार तेली म्हणत, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. सूर्यास्तापासून दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत काम नाही, विस्तव पेटवायचा नाही. मात्र 'काम नाही' याचा अर्थ स्वयंपाकघरात नेमका काय होतो हे बाहेरच्याला ठाऊक नसतं.

समजा बनेई ब्राकमधलं एक घर आहे. इस्रायलमधलं हे सगळ्यांत दाट वस्तीचं शहर, दोन लाखांच्या वर लोक, बहुतेक सगळे हरेदी. फ्लॅट लहान. ओट्याला दोन सिंक, एक मांसाहाराच्या भांड्यांसाठी आणि एक दुधाच्या, कारण ज्यू आहारनियमांत मांस आणि दूध एकत्र येऊ द्यायचं नसतं. घासण्याही दोन, सहसा लाल मांसाची नि निळी दुधाची. कपाटात दोन्हींचे संच वेगळे, आणि वर माळ्यावर किंवा पलंगाखाली पेसाख सणाच्या सात दिवसांपुरता तिसरा-चौथा संच, जो वर्षभर उघडत नाही. घरात आई-वडील, सहा मुलं आणि शब्बाथला हमखास दोन पाहुणे. दहा पानं.

शुक्रवारी रात्री किद्दुश (वाइनच्या पेल्यावरची प्रार्थना), हात धुणं आणि 'खल्ला' नावाचा शब्बाथचा पाव झाला की आधी मासे येतात. मासे आणि मांस एकत्र खायचं नाही असा संकेत आहे, तब्येतीला घातक मानतात, त्यामुळे माशाची ताटली उचलून नवी ठेवावी लागते. मग सूप, मग कोंबडी आणि कुगेल, म्हणजे शेवयांचा किंवा बटाट्याचा भाजलेला पदार्थ. शनिवारी दुपारी पुन्हा मासे, मग रात्रभर तापत्या पाट्यावर ठेवलेलं चोलंट, ज्याचा बटाटा-बार्लीचा थर ताटाला डिंकासारखा चिकटतो. संध्याकाळी तिसरं, हलकं जेवण. तीन जेवणं, दहा माणसं, माणशी तीन-चार भांडी. चमचे सोडून शंभर-सव्वाशे नग सहज होतात.

आता हे घासायचे कसे? गरम पाण्याचा नळ सोडता येत नाही, कारण जितकं गरम पाणी बाहेर येतं तितकंच थंड पाणी बंबात शिरून तापतं, आणि ते शिजवणं झालं. स्पंज वापरता येत नाही, कारण पिळणं हे निषिद्ध कामांपैकी एक. डिशवॉशरचं बटण दाबायचा प्रश्नच नाही. उरतं ते थंड पाणी, पातळ साबण आणि नायलॉनचा ब्रश. कोंबडीची चरबी थंड पाण्यात गोठते, हे ज्याने एकदा तरी मटणाचं पातेलं थंड पाण्यात घासलंय त्याला सांगायला नको.

वर आणखी एक नियम आहे आणि तो फार जुना आहे. तालमूद या ज्यूंच्या प्राचीन धर्मशास्त्रग्रंथाच्या शब्बाथ प्रकरणात म्हटलंय की रात्री जेवलेली भांडी सकाळी लागणार असतील तर धुवावीत, सकाळची दुपारसाठी, दुपारची संध्याकाळसाठी. त्यानंतर मात्र धुवू नयेत. कारण मग ती तयारी शब्बाथसाठी राहत नाही, उद्याच्या रोजच्या दिवसासाठी होते. प्याले मात्र दिवसभर धुतले तरी चालतात, पिण्याला काही ठरलेली वेळ नसते म्हणून. पंधरा-सोळाशे वर्षांपूर्वी कुणीतरी इतक्या बारकाईने खरकट्याचा विचार केला होता. कर बसवणाऱ्यांनी तो केला असता तर बरं झालं असतं.

या नियमाचा घरात परिणाम असा की पुरेसे संच नसतील तर शब्बाथच्या मधेच थंड पाण्यात घासाघास, आणि पुरेसे असतील तर शनिवारी रात्री सगळा डोंगर एकदम. विश्रांतीचा दिवस संपतो तेव्हा बाई ओट्यापाशी उभी असते.

हरेदी समाजात ही बाई बहुधा नोकरीही करत असते. तिथल्या स्त्रियांपैकी ऐंशी टक्क्यांच्या आसपास कमावत्या आहेत, पुरुषांचं प्रमाण निम्म्याच्या थोडं वर घुटमळतं, कारण कित्येक पुरुष पूर्णवेळ तोरा, म्हणजे धर्मग्रंथ, अभ्यासतात. एका बाईमागे सरासरी सहाहून जास्त मुलं. प्लास्टिकची ताटली या घरात फॅशन म्हणून आली नाही. जिथे मोलकरीण परवडत नाही, डिशवॉशरला जागा नाही आणि नवरा रात्री उशिरा पाठशाळेतून येतो, तिथे ती आली.

कागदावर गणित मांडून पाहू. शंभर-सव्वाशे नग, नगाला पाच-सहा ग्रॅम, म्हणजे एका शब्बाथला पाऊण किलोच्या आतबाहेर प्लास्टिक. कर सात-आठ शेकेल. वर्षाला चारशेच्या आसपास, सणवार वेगळे. श्रीमंताला ही रक्कम काहीच नाही. पण या समाजातली निम्म्याच्या आसपास माणसं गरिबीच्या रेषेजवळ जगतात, तिथे ती जाणवते. पण फक्त जाणवते. कुणी दहा जणांची भांडी घासायला लागावं इतकी ती मोठी नाही. म्हणजे कर टोचेल इतका जड होता आणि सवय मोडेल इतका जड नव्हता. असे कर राजकारण्यांच्या फार कामाला येतात.

शास्त्र काय म्हणतं

वादात दोन्ही बाजूंनी एकच तत्त्व फडकावलं गेलं : बल तशखित, नासधूस करू नको. मूळ आहे ते बायबलमधल्या 'अनुवाद' (Deuteronomy) नावाच्या ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात. शहराला वेढा घातलास तरी तिथली फळझाडं कुऱ्हाडीने तोडू नकोस. युद्धातला नियम, पण धर्मपंडितांनी तो हळूहळू घरात आणला. बाराव्या शतकात मायमोनिडीसने लिहिलं की भांडी फोडणारा, कपडे फाडणारा, झरा बुजवणारा, अन्न वाया घालवणारा, हे सगळे याच मनाईखाली येतात. तालमूदमध्ये रव झुत्रा तर दिव्यापर्यंत पोचतो : तेलाचा दिवा झाकून किंवा नाफ्थाचा दिवा उघडा ठेवून जो इंधन जास्त जाळतो त्याने बल तशखित मोडलं. आजच्या भाषेत सांगायचं तर पंखा-एसी विनाकारण चालू ठेवणारा. तेराव्या शतकातला स्पेनमधला 'सेफेर हखिनुख' म्हणतो की सज्जन माणसं मोहरीचा दाणासुद्धा वाया घालवत नाहीत.

एवढं वाचून पर्यावरणवादी थांबतात. मोहरीच्या दाण्याचं वचन पोस्टरवर छान दिसतं. पण त्याच तालमूदमध्ये पुढे एक संवाद आहे आणि या प्रकरणाचा कणा मला तो वाटतो. एक म्हणतो, जवाच्या भाकरीवर भागत असताना जो गव्हाचा पाव खातो तो बल तशखित मोडतो. दुसरा म्हणतो, बिअरवर भागत असताना वाइन पिणाराही मोडतो. आणि लगेच उत्तर येतं : असं नाही, कारण शरीराची नासधूस टाळणं हे जास्त महत्त्वाचं. वस्तू वाचवायला म्हणून देह झिजवू नये.

हरेदी घरातली ताटली नेमकी या वाक्यावर उभी आहे. तिच्या बाजूने सांगितलं जातं ते असं की वस्तू वाया जाते हे खरं, पण आईची कंबरही वस्तूच्या वरची आहे. शब्बाथला 'ओनेग', आनंद, हवा असं शास्त्रच सांगतं, आणि थंड पाण्यात हात सुजवून कुणाला आनंद होत नाही. हा युक्तिवाद मला खोटा वाटत नाही. कचरा मोजणाऱ्यांनी श्रम मोजला नाही, आणि हा समाज निदान तो मोजत तरी होता.

दुसरा एक युक्तिवाद होतो, तो मात्र मला पटत नाही. ताटली बनलीच आहे एकदा वापरून टाकायला, तेव्हा ती टाकण्यात नासधूस कसली, तिचं काम तर पूर्ण झालं. यात चलाखी आहे. वस्तू टाकायसाठीच बनवली की टाकणं निर्दोष ठरतं, असं मानलं तर सगळं जग टाकायसाठी बनवता येईल. मोहरीच्या दाण्याची काळजी करणाऱ्या लेखकाला ही पळवाट चालली असती असं वाटत नाही.

गंमत अशी की धर्मपंडितांच्याच परंपरेत यूज-अँड-थ्रोला खालचा दर्जा देणारा निवाडा आहे, तोही पर्यावरणाचा विषय निघायच्या आधीचा. न्यूयॉर्कचे रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, मोशे फाइनस्टाइन, विसाव्या शतकातले फार मोठे निवाडेकार, १९८६ मध्ये वारले. त्यांनी लिहिलं की किद्दुशचा पेला शोभिवंत, मानाचा हवा, आणि एकदा वापरून फेकायच्या कागदी पेल्याला तो मान नाही. दुसरं काही असताना त्यावर किद्दुश करू नये. इतर काही रब्बींनी मुभा दिली, तो भाग वेगळा. पण मुद्दा असा की टेबलावर चांदीचा पेला आणि त्याच्या शेजारी चांदीची कडा रंगवलेली प्लास्टिकची ताटली, हे दृश्य हजारो घरांत दर शुक्रवारी असतं. पेल्याला मान लागतो हे सगळ्यांना मान्य. ताटाचा मान कुणी विचारलाच नाही.

बटाट्याचं साल आणि तीस ताटल्या

कर लागला ते वर्ष साधंसुधं नव्हतं. सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ हे ज्यू पंचांगातलं ५७८२, म्हणजे श्मिताचं, दर सातव्या वर्षी येणारं जमिनीच्या विश्रांतीचं वर्ष. त्या वर्षी इस्रायलच्या मातीत पिकलेल्या ठरावीक फळाभाज्यांना पावित्र्य असतं. सगळी घरं हे सारख्याच काटेकोरपणे पाळत नाहीत. कुणी आयात माल घेतात, कुणी जमीन नावापुरती बिगरज्यूला विकण्याच्या तोडग्यावर चालतात. पण जी पाळतात त्यांच्या ओट्यावर एक छोटा वेगळा डबा येतो. श्मिताच्या गाजराचं टोक, काकडीचं साल, मुलाने अर्धवट टाकलेलं सफरचंद, माणसाला किंवा जनावराला खाण्याजोगं जे काही आहे ते थेट कचऱ्यात टाकायचं नाही. त्या डब्यात ठेवायचं, आपोआप नासू द्यायचं, आणि खाण्याजोगं राहिलं नाही की मगच बाहेर काढायचं. बरीच घरं रोजचा रोज थर पिशवीत बांधतात, म्हणजे कालचा सडका माल आजच्या चांगल्याला लागून त्याची नासधूस होऊ नये.

म्हणजे एकाच ओट्याखाली दोन डबे. एकात बटाट्याच्या सालाला सन्मानाने मरण, आणि शेजारच्या काळ्या पिशवीत जेवण झाल्याबरोबर गुंडाळलेल्या तीस-चाळीस ताटल्या, प्लास्टिकच्या मेजकापडासकट. टेबल आवरण्याची पद्धतही ठरलेली : चार कोपरे उचलायचे, सगळं आत ओढायचं, गाठ मारायची.

हे ढोंग नाही. असंच दुसरं उदाहरण कुठल्याही इस्रायली शहराच्या रस्त्यावर दिसतं. कचराकुंडीच्या कडेला, बाहेरच्या बाजूला, शिळ्या पावाच्या पिशव्या लटकवलेल्या असतात. पाव कचऱ्यात टाकायचा नाही, हा संस्कार धार्मिक नसलेल्या घरांतही खोलवर आहे. कुणी गरजू नेईल, कुणी कोंबड्यांना नेईल. पाव प्लास्टिकच्या पिशवीत असतो, अर्थातच. पावाला नियम आहे, सालाला नियम आहे, तेलाच्या दिव्याला नियम आहे. प्लास्टिकच्या ताटलीला नाही, कारण ती नियम बनल्यानंतर दीड हजार वर्षांनी आली. नवी वस्तू आली की निवाडेकार तिला जुन्या कुठल्या खणात ठेवायचं ते ठरवतात. विजेचं, लिफ्टचं, सौरबंबाचं तसंच झालं. ताटलीच्या बाबतीत ते काम अर्धवट राहिलंय. ते पूर्ण कुणी करायचं, अर्थखात्याने की रब्बींनी, हा खरा प्रश्न होता.

सौरबंबाचं उदाहरण इथे पाहण्यासारखं आहे. १९८० पासून इस्रायलमध्ये नव्या निवासी इमारतींवर सौरबंब सक्तीचा आहे. छतांवरच्या पांढऱ्या टाक्या तिथल्या आकाशरेषेचाच भाग झाल्यात. मग प्रश्न आला, शब्बाथला सूर्याने तापलेलं पाणी वापरायचं का? सेफार्दी, म्हणजे मुख्यतः मध्यपूर्व-उत्तर आफ्रिकेकडच्या, ज्यूंचे थोर निवाडेकार रब्बी ओवादिया योसेफ यांनी मुभा दिली : उन्हाने तापवणं हे विस्तवावर शिजवण्यासारखं नाही. अनेक अश्केनाझी, म्हणजे युरोपीय वंशाच्या ज्यूंचे, निवाडेकार तयार झाले नाहीत. परिणाम असा की एकाच इमारतीत, एकाच छतावरच्या टाक्यांचं पाणी तिसऱ्या मजल्यावरची बाई शब्बाथला कोमट वापरते आणि चौथ्या मजल्यावरची नळ बंद ठेवते. चरबीची ताटं घासताना हा फरक किती मोठा! म्हणजे धर्माच्या आतून एक निवाडा आला तर भांडी घासण्याचे कष्ट खरोखर कमी होतात, प्लास्टिकची गरजही कमी होते. तेच काम कर करू शकला नाही.

मोडलं कसं

कर लागायच्या आधीच्या आठवड्यांत लोकांनी ताटल्यांचे गठ्ठे साठवून ठेवले. लागल्यावर मोठ्या दुकानांतली विक्री ठळक घटली, हे मंत्रालयाने सांगितलं आणि ते खरं होतं. बहुतेक जनतेवर कराचा परिणाम झाला.

पण जानेवारी २०२२ पासून साखरेच्या शीतपेयांवरही कर आला. मोठ्या कुटुंबांच्या शब्बाथच्या टेबलावर दीड लिटरच्या बाटल्या असतात. दोन कर, दोन्ही त्याच टेबलावर, आणि हरेदी पक्ष त्या सरकारात नाहीत. 'हे आमच्यासाठीच आहे' हे पटवायला मोशे गाफनी किंवा आर्ये देरी या हरेदी पक्षनेत्यांना फार कष्ट पडले नाहीत. लिबरमन यांचं राजकारण वर्षानुवर्षं हरेदींच्या सवलतींविरुद्ध होतं, त्यामुळे संशयाला आधारही होता.

आकड्यांकडे पाहिलं तर मात्र हा आरोप आणि त्याचा उलटा आरोप दोन्ही डळमळतात. हरेदी लोकसंख्या १३ टक्क्यांच्या आसपास. समजा त्यांचा माणशी वापर बाकीच्यांच्या तिप्पट आहे. तरीही देशाची सरासरी साडेसात किलो येण्यासाठी बाकीच्यांना माणशी सहा किलोच्या जवळ वापरावंच लागतं, म्हणजे युरोपच्या चौपट. स्वातंत्र्यदिनाला उद्यानांतून उठणारा कोळशाचा धूर, समुद्रकिनाऱ्यावरच्या सहली, कचेऱ्यांतले कॉफीचे पेले, हे सगळं त्यात आहे. तेव्हा 'प्लास्टिक म्हणजे हरेदी' हे चित्र सेक्युलर इस्रायलला फार सोयीचं होतं. स्वतःची बार्बेक्यूची ताटली त्यात झाकली जाते.

हरेदी नेत्यांचीही सुटका नाही. स्वस्त प्लास्टिक हा जणू आपल्या समाजाचा हक्क आहे अशा थाटात ते बोलले. आईचे कष्ट ही त्यांची हाक होती, पण ते कष्ट कमी करायला ताटलीशिवाय दुसरं काही सुचवल्याचं दिसत नाही. पुरुषाने शनिवारी रात्री अर्धा तास सिंकपाशी उभं राहावं, असं कुणाच्या भाषणात आलं नाही.

शेवट ठरलेलाच होता. निवडणुकीच्या प्रचारात कररद्दीचं वचन, जिंकल्यावर सही, आणि गाफनी अध्यक्ष असलेल्या अर्थ समितीकडून शिक्कामोर्तब. २०२३ च्या सुरुवातीच्या आठवड्यांतच ताटल्या जुन्या भावाला आल्या.

काय करता आलं असतं

आपल्याकडे महाराष्ट्रात २०१८ मध्ये थेट बंदी आली, थर्माकोलची ताटं मंगल कार्यालयांतून निदान काही काळ हद्दपार झाली. पण आपल्याकडे पत्रावळीची आठवण होती, बाजार होता आणि सुपारीच्या पानांची ताटं बनवणारे होते. शब्बाथच्या टेबलाला तसा आयता पर्याय नव्हता. तो उभा करावा लागला असता.

हरेदी समाजात गमाख नावाची संस्था आहे, म्हणजे बिनव्याजी, बिनभाड्याची उसनवारी. लग्नाचा पोशाख, बाळाचा पाळणा, रात्री-अपरात्री लागणारं औषध, खुर्च्या, टेबलक्लॉथ, सगळं शेजारच्या कुणाच्या तरी खोलीत मिळतं. मोठ्या जेवणावळीला लागणाऱ्या भांड्यांचे गमाखही असतात. हीच साखळी धुण्याच्या सोयीसकट वाढवली असती, म्हणजे शनिवारी रात्री क्रेटमध्ये खरकटी भांडी खाली ठेवायची आणि गुरुवारी स्वच्छ परत घ्यायची, तर कराचा पैसा नेमका त्या घरात परत गेला असता जिथून तो आला. दुसरी वाट डिशवॉशरची. शब्बाथची जेवणं बहुतेक मांसाहारीच असतात, त्यामुळे मांसाच्या भांड्यांपुरतं एकच यंत्र असलं तरी डोंगर उपसला जातो. दुधाची भांडी हाताने घासायला थोडीच उरतात. हवेत ते भांड्यांचे तीन संच आणि साठ सेंटिमीटर जागा. पैसा पहिल्या गोष्टीला पुरतो. दुसरीसाठी बनेई ब्राकच्या घरांचे नकाशे बदलावे लागतात आणि ते पर्यावरण मंत्रालयाच्या हातात नव्हतं.

क्रम उलटा असता तर काय झालं असतं हे मला महत्त्वाचं वाटतं. आधी दोन वर्षं अनुदानित यंत्रं आणि भांड्यांचे गमाख, रब्बींशी ताटलीच्या दर्जाबद्दल बसून चर्चा, आणि मग कर. तरीही तो राजकारणात सापडला असता, पण मग 'आईच्या कंबरेवर कर' असं म्हणणं अवघड गेलं असतं, कारण कंबरेची सोय आधी झालेली असती. मंत्रालयाकडे धर्माची भाषा बोलणारी माणसं नव्हती असंही नाही. इस्रायलमध्ये आणि अमेरिकेत 'इको-कश्रुत'वर, म्हणजे अन्न शुद्ध असण्याबरोबर पृथ्वीला सोसणारंही असावं या विचारावर, १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून काम चाललंय. पण तो विचार उदारमतवादी ज्यूंमधून आला, आणि बनेई ब्राकमध्ये त्या पत्त्यावरून आलेलं पाकीट न उघडता परत जातं. ताटलीचा निवाडा तिथल्याच कुणा वजनदार रब्बीकडून यायला हवा होता. मोहरीचा दाणा, शरीराची झीज आणि पेल्याचा मान, ही तिन्ही वचनं त्याच्या कपाटात आधीपासूनच आहेत.

पुढचं श्मिता वर्ष सप्टेंबर २०२८ ला सुरू होतं. पिशवीवरचे १० आगोरा ताटल्यांचा कर गेल्यावरही चालू राहिले. ताटल्यांवर कर नाही, आणि मंत्रालयात जो कुणी पुन्हा हा विषय काढेल त्याने आधी एका शनिवारी रात्री, हवदाला, म्हणजे शब्बाथ संपल्याची प्रार्थना, झाल्यावर, कुणाच्या तरी दोन सिंकांपाशी उभं राहून नग मोजावेत आणि घड्याळ लावावं.